हेल्मची केरसुणी

रायस्वाइक,
१० नोव्हेंबर २०२०

॥ श्री ॥

चि. नीळकंठ यास द्वारकाआक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र महिन्याने पोचलं. मंजूषाने वाचून दाखवलं. शिरीष म्हणतो, मामाशी फोनवर बोल की. पण तुझ्या कानाशी ढोल बडवला तरी तू “हो, जेवलो” एवढंच म्हणतोस, त्यापेक्षा हे बरं. मी सांगते, सूनबाई लिहिते. ती मधेच गालात हसते, म्हणजे माझं बोलणं धुऊन-पुसून उतरवत असणार. जसंच्या तसं लिही म्हणून बजावलंय. हेही लिही म्हटलं.

लेकाकडे दोन महिन्यांसाठी आले ती फेब्रुवारीपासून इथेच. विमानं सुरू झालीत म्हणे, पण या रोगराईत मला एकटीला बसवायला शिरीष तयार नाही. दोघं दिवसभर संगणकाशी बोलतात आणि रविवारी माझ्याशी.

परवा रविवारी समुद्रावर गेलो. इथला समुद्र सहजी दिसत नाही. आधी वाळूच्या टेकड्या, एकीमागे एक, वाळवंटच म्हण. त्यावर हेल्म नावाचं उंच, राठ गवत. अवनी सांगत होती की या टेकड्या आहेत म्हणून गाव बुडत नाही, आणि आपल्या नळाचं पाणीसुद्धा याच वाळूतून गाळून येतं. नात सतराची झाली. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि दोघींना वाटतं आपलंच खरं. हाटेलं बंद, त्यामुळे सगळं गाव वाळूवर लोटतं. ते टेकड्या तुडवतात म्हणून हिच्या मंडळातली पोरं नारिंगी जाकिटं घालून फाटकाशी उभी राहतात आणि वाटेवरून चाला म्हणून लोकांना विनवतात. लोक मान डोलावतात आणि चढतात.

शनिवारी लक्ष्मीपूजन, आणि घरात केरसुणी नाही! इथे केर ओढायचं यंत्र आहे. त्याच्या नळीला हळदकुंकू लावू का? तेव्हा अवनी लोकांना शिकवत होती तोवर मी तारेखालून आत शिरले आणि कवळाभर हेल्म उपटलं. चिवट रे! मुळं हातभर. बोट कापलं. अवनी धावत आली, त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडली, मग थांबून फोटो काढला. मी पदर सारखा केला. गाडीत कोणी बोललं नाही. दमले असतील. केरसुणी मात्र अशी बांधलीय की तू बघत राहशील.

सुरेखाची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, नवऱ्याला पाणी स्वतः घ्यायला शिकव.

आहे तो लोभ मुरत ठेव.

तुझी आक्का
(अंगठा)


रायस्वाइक,
१३ डिसेंबर २०२०

॥ श्री ॥

चि. नीळकंठ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझी बहीण चित्रात झळकली. अवनीने काढलेला तो फोटो तिच्या मंडळाने दाराएवढा करून वाळूच्या फाटकाशी लावलाय. खाली वाकलेली मी, दोन्ही मुठींत गवत, मागे लाल-पांढरी पाटी. नऊवारी काय खुलून आलीय! बसच्या थांब्यावरही आहे. त्याची कार्डंही छापलीत. एक सोबत घातलंय. मंजूषा नको नको म्हणत होती, पाकिटात मावणार नाही म्हणे. मी दुमडून घातलं.

खाली काय लिहिलंय विचारलं, तर अवनी आईकडे बघते, आई अवनीकडे. मग मंजूषा म्हणाली, “आजी आणि वाळूचं गवत” असं लिहिलंय. एवढ्याला दोन ओळी लागल्या. यांची भाषा लांबलचक.

काल वाण्याच्या रांगेत आपली दोन मराठी कुटुंबं भेटली. ओळखलं त्यांनी. एकमेकांना कोपराने ढोसलं आणि माझ्याकडे बघून हसली. मीही पदर सावरून हसले. म्हातारपणी नाव झालं. तुझ्या आळीत कार्ड फिरव. विनायकच्या आईला आधी दाखव. ती म्हणायची ना, द्वारकीचं आयुष्य चुलीपुढेच जाणार?

लोभाला खंड पडू देऊ नकोस.

तुझी आक्का
(अंगठा)

मामा, हे माझं. कार्डावरचा मजकूर वेगळा आहे. कृपा करून आक्कांना काही कळवू नका. अवनीचा हेतू वाईट नव्हता. चेहरा पुसट करणार होते, राहून गेलं. त्या इतक्या खुशीत आहेत की आम्हाला खरं सांगवत नाही. – मंजूषा


केवडघर,
१८ जानेवारी २०२१

॥ श्री ॥

तीर्थरूप आक्कास नीळकंठचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

चि. मंजूषा, हे पत्र दोन्ही बाजूंनी लिहिलं आहे. दोन्ही बाजू वाच.

आक्का, कार्ड मिळालं. मी ते आळीत फिरवलं नाही. आमच्या संजीवने फोनवर त्या भाषेचं मराठी करून घेतलं. दोनदा केलं, कारण मी पहिल्यांदा त्याच्यावरच ओरडलो. खाली असं आहे: “हिला पाटी वाचता येत नाही. तुम्हाला येते ना?” तुझ्या मागे जी लाल-पांढरी पाटी आहे, तिच्यावर गवताला हात लावू नका, असं लिहिलेलं आहे.

सूनबाईने मला गप्प राहा म्हणून लिहिलं. चार दिवस राहिलो. पण तुझ्या हाती येणारा कागद तुला पूर्ण वाचून दाखवायचा, हे मी दुसरीत असताना तुला कबूल केलं होतं. तू मला शाळेच्या दारापर्यंत पोचवून धाकट्याला कडेवर घेऊन परत फिरायचीस. आत गेलो तो मी. त्यामुळे ती ओळ तुझ्यावर नाही, माझ्यावर लिहिलेली आहे असं मला वाटतं.

एक मात्र बोलतो, रागावू नकोस. आपल्या पुळणीवरची मर्यादवेल मी ओढली तेव्हा तू मला फोकाने मारलं होतंस. ही वेल वाळू धरून ठेवते म्हणून घर आहे, असं म्हणाली होतीस. हेल्म म्हणजे त्यांची मर्यादवेल. तुला कोणी एवढं सांगितलं असतं तर पुरे होतं.

तुझ्या लोभाला पात्र राहावं एवढीच इच्छा.

तुझा नीळकंठ


रायस्वाइक,
२४ फेब्रुवारी २०२१

॥ श्री ॥

चि. नीळकंठ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

अक्षर निराळं दिसलं म्हणून घाबरू नकोस. हे दोन दारं सोडून राहणारे गुरुनाथराव लिहीत आहेत. नाशिकचे, लेकीकडे आले आणि माझ्यासारखेच अडकले. घरात पाहुणा एकच चालतो असा सध्या नियम आहे, तो एक पाहुणा मी.

तुझं पत्र मंजूषाने वाचलं. तब्येत, सुरेखाची कंबर, संजीवची नोकरी. यातलं तू काय लिहिलं होतंस, देव जाणे. मला अक्षर कळत नाही, पण कागद कळतो. शाई मागच्या बाजूला उमटली होती आणि तिने पान उलटलंच नाही. डिसेंबरात माझ्या अंगठ्याखाली तिने चार ओळी घातल्या, त्याही मी पाहिल्या होत्या. म्हणून तुझं पत्र पोलक्यात घालून इथे आणलं. गुरुनाथरावांनी दोन्ही बाजू वाचल्या. मग चष्मा पुसत बसले. मीच त्यांना चहा करून दिला.

केरसुणीचं म्हणशील तर चूक माझी. मर्यादवेलीसाठी तुला मारणारी मी, आणि परक्या मुलखात गेले तर तिची बहीण मला ओळखू आली नाही. पूजा झाल्यावर ती केरसुणी दाराआड उभी होती, काल मोडली. मुळं केव्हाच वाळून गेली होती, ती काही परत लागायची नाहीत. पोरीचं काम चांगलं आहे, हे मी अजून म्हणते. पण तिने मला त्या दिवशी तिथेच सांगितलं असतं, तर मी स्वतः फाटकाशी उभी राहिले असते. कापलेलं बोट दाखवून सांगितलं असतं लोकांना, मी केलं, तुम्ही करू नका. माझं तोंड लोकांनी ऐकलं असतं. यांनी अख्ख्या गावाला शहाणं केलं, घरातली एक म्हातारी तेवढी सोडून. आणि ती ओळ, नीळकंठ, अवनीने स्वतः सुचवली. गुरुनाथरावांच्या नातवाने सांगितलं, तोही त्याच मंडळात आहे.

बोलून दाखवणार नाही. रात्री नऊनंतर बाहेर पडायला बंदी, दोन खोल्यांत चार माणसं. एकदा बोलले तर कोणी कुठे तोंड लपवायचं? सुई टोचली की शिरीष विमानात बसवणार आहे. तोवर मला यांच्या हातचं जेवायचं आहे.

यापुढे मंजूषाच्या अक्षरात पत्रं येतील. ती मंजूषाचीच आहेत असं समज. तूही त्यांना तसंच गोड उत्तर पाठव.

लोभ ठेव म्हणून सांगायची आपल्यात गरज नाही.

तुझी आक्का
(अंगठा)


रायस्वाइक,
२० एप्रिल २०२१

॥ श्री ॥

चि. नीळकंठ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

कळवायला आनंद होतो की आपल्या अवनीच्या चित्राला बक्षीस मिळालं. त्या चित्रामुळे लोक आता वाटेवरून चालतात म्हणे. समारंभ संगणकावर झाला. अवनीने मलाही शेजारी बसवलं. मी जांभळी नऊवारी नेसले होते. पडद्यावर चाळीस-एक गोरी तोंडं होती, सगळी माझ्याकडे बघून हात हलवत होती. मीही हलवला.

मंडळाच्या बाईंनी मला काहीतरी विचारलं. अवनी म्हणाली, आजी, तुला कसं वाटलं असं विचारतायत. मी म्हटलं, ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचलं, छान झालं. तिने माझ्याकडे वळून बघितलं. मग तिने त्यांच्या भाषेत बरंच काही सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंजूषा सांगते, आजीला फार अभिमान वाटतो असं अवनी म्हणाली.

लोभ वाढता असू दे.

तुझी आक्का
(अंगठा)