उजव्या खिशातल्या शेंगा

अण्णा,

परवा रविवारी हिप्परग्याच्या तलावावर जाऊन आले. शिवरात्रीच्या आधीचा रविवार होता. तुम्ही गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षांत, मी तिकडे फिरकले नव्हते. आईचं आजारपण होतं, कचेरी होती, आणि खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. आई जानेवारीत गेली. सहा वर्षं अंथरुणावर होती. तिची कूस बदलणं, औषधांच्या वेळा, दुपारी कचेरीतून धावत येऊन तिला चार घास भरवणं, या सगळ्यात मला वेळच मिळत नाही असं मी लोकांना सांगत आले. आता वेळ आहे आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. सकाळी पाचला जाग येते, हात आपोआप आईच्या पलंगाकडे जातो, मग आठवतं. त्या रविवारी अशीच जाग आली, चहा केला, तो अर्धा तसाच राहिला, आणि मी रिक्षा करून तलावावर गेले. एक गोष्ट पंचेचाळीस-सत्तेचाळीस वर्षं माझ्याजवळ राहिली आहे. ती तुम्हाला सांगायची होती, आणि तुमच्याआधी आणखी एका माणसाला.

मोजणीची पद्धत तुम्हाला आठवत असेलच. हिवाळ्यात दर रविवारी तुम्ही सायकल मारत एकटेच जायचात. शाळेतले लोक हसायचे, गणिताचा मास्तर आणि पाखरांमागे. पण मोजणी वर्षातून एकदाच, कारण या सुमाराला पाखरं परत निघायच्या तयारीत असतात आणि एका जागी गोळा होतात. त्या दिवशी मी लागायची. दुर्बीण डोळ्यांवरून काढली की कुठवर आलो ते हरवतं, असं तुम्ही म्हणायचात. दोन्ही हात दुर्बिणीला, मग लिहिणार कशाने? म्हणून आईने माझ्या एका फ्रॉकला दोन मोठे खिसे शिवले होते. डाव्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. तुम्ही मनात मोजत जायचात आणि शंभर झाले की फक्त 'हं' म्हणायचात. मी एक शेंग डाव्या खिशातून काढून उजव्यात टाकायची. घरी आल्यावर उजवा खिसा ओट्यावर रिकामा करायचा. जितक्या शेंगा तितके शेकडे. मग तुम्ही तो आकडा वहीत लिहायचात, आणि आई त्याच शेंगा चटणीला घ्यायची.

होडी मासेवाल्या मामांची. ते आपल्या नात्यातले नव्हते. तलावावर मासे धरायचे आणि तुमचे मित्र होते, एवढंच. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाशी तुम्ही इतकं काय बोलता, असं आई विचारायची. तुम्ही फार बोलतच नव्हता. तासन् तास होडीत बसायचात, ते वल्हं मारायचे, तुम्ही दुर्बीण लावायचात. मधूनच ते तुम्हाला डिवचायचे. एकदा म्हणाले, "मी मासं मोजतो ते इकायचे असत्यात म्हनून. तुमी पाखरं इकताय व्हय, मास्तर?" तुम्ही हसून म्हणालात की गिऱ्हाईक आणून द्या, विकतो. मला वाटतं तुम्हाला त्यांच्याइतकं मोकळं हसवणारं दुसरं कुणी नव्हतं. आपल्या घरात हसण्याची पद्धत कमीच होती.

मी दहा वर्षांची होते. दरवर्षी खिशात कच्च्या शेंगा असायच्या. त्या वर्षी आईने चटणीसाठी आदल्या संध्याकाळी सगळ्याच भाजून ठेवल्या होत्या. सकाळी घाईत तिने त्यातल्याच माझ्या खिशात भरल्या. सायकलच्या कॅरिअरवर बसल्यापासून मला त्यांचा वास येत होता. होडी निघते. ऊन अजून कोवळं आहे, पाण्यावरून गार वारा येतो आहे. पलीकडच्या काठाला पट्टकदंब बसलेले आहेत, पांढुरके, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या. रात्रभर हरभऱ्याच्या रानात चरून आलेले, काही एका पायावर झोपलेले. त्यांच्या पुढे पाण्यावर थापट्या बदकं, आणि एका बाजूला ती केशरी चक्रवाकाची जोडपी. तुम्ही 'हं' म्हणता, मी शेंग टाकते. 'हं.' 'हं.' मग होडी दुसऱ्या खाडीकडे, रानात आत घुसलेल्या पाण्याकडे वळते. त्यात बराच वेळ जातो. मला भूक लागली आहे. डावा खिसा मोजणीचा, त्यातल्या खायच्या नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. उजव्या खिशातल्या शेंगांचं काम झालं आहे, असं मला त्या वेळी वाटलं. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मला हे अगदी बरोबर वाटलं होतं. मी एक फोडली. मग आणखी एक. टरफलं होडीच्या कडेने हळूच पाण्यात सोडली. तुमची पाठ माझ्याकडे होती. मामा माझ्यामागे वल्हं मारत होते.

घरी ओट्यावर खिसा रिकामा केला तेव्हा एकोणीस शेंगा निघाल्या. आदल्या वर्षी चौतीस होत्या. तुम्ही त्या दोनदा मोजल्या, मग ओळीत मांडून तिसऱ्यांदा. तुम्ही मनात शंभरापर्यंत मोजत होता, शेकडे किती झाले याचा हिशेब माझ्या खिशावर सोडलेला, त्यामुळे तुमच्याकडे दुसरा आकडाच नव्हता. तुम्ही मला एकदाच विचारलंत, "नीट टाकल्यास ना?" मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते, नीटच टाकल्या होत्या. तुम्ही पुढे काही विचारलं नाहीत. मी हो म्हटलं म्हणजे हो, असं तुम्ही धरून चालायचात, आणि त्याचा मला अभिमान होता.

त्या हिवाळ्यात कुणीतरी जाळी लावून पाखरं धरतं आणि पुण्याच्या रस्त्यावरच्या खानावळींना विकतं, अशी कुजबूज होती. तुम्ही ती कधी मनावर घेतली नव्हती. एकोणीस शेंगा पाहिल्यावर घेतलीत. तलावावर जाळी कुणाकडे, तर मामांकडे. तुम्ही दोन दिवस कुणाशी बोलला नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तलावाच्या कचेरीला अर्ज लिहिलात. अक्षर नेहमीसारखं सुबक. मामांचं नाव अर्जात नव्हतं, हे तुम्ही आईला दोनदा सांगितलंत. पण तलावावर जाळी टाकणारा माणूस एकच होता. गणिताच्या मास्तरांनी मोजलंय म्हटल्यावर कुणी पुन्हा मोजायला गेलं नाही. मामांचा परवाना त्या वर्षापुरता काढून घेतला आणि जाळी जप्त झाली.

ते आपल्या घरी आले तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मला तर तो रोज दिसतो. आईने पाणी दिलं. ते उंबऱ्याच्या आतही आले नाहीत, पायरीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे.

"मास्तर, म्या पाखरू धरलं न्हाय," ते म्हणाले.

"मी स्वतः मोजलीत," तुम्ही म्हणालात.

ते तुमच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पाणी प्यायले, भांडं खाली ठेवलं आणि गेले. मला वाटत होतं ते काहीतरी बोलतील, आणि मला वाटत होतं मी काहीतरी बोलेन. मी आत जाऊन परकर वाळत घालायला लागले, आईने सांगितलं नसताना.

पुढच्या वर्षी तुम्ही मला नेलं नाहीत. बांधावर एकटे उभे राहून, दहा-दहा वेळा थांबून, कागदावर रेघा मारत मोजलंत. तेहतीसशे भरली. तुम्ही आईला म्हणालात, बघ, जाळी बंद झाली आणि पाखरं परत आली. तुमच्या आवाजात आनंद नव्हता, पण एक सुटका होती. त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. तेव्हा मला सगळं कळत होतं. पण आता माझ्या शेंगा नुसत्या शेंगा राहिल्या नव्हत्या. तुमचं बरोबर असणं त्यांच्यावर उभं होतं. मामांना परवाना परत मिळाला, पण तुम्ही पुन्हा त्यांच्या होडीत बसला नाहीत. त्यांनीही बोलावलं नाही. तुम्ही शेवटपर्यंत बांधावरूनच मोजत राहिलात, आणि मला आठवतंय, घरी येऊन तुम्ही म्हणायचात की बांधावरून पलीकडची खाडी नीट दिसत नाही.

परवा गेले तर बांधाशी गाड्या लागलेल्या होत्या. हातभर लांबीचे कॅमेरे घेऊन मुलं-मुली उभी होती. काठाचं बरंचसं पाणी हिरव्या वनस्पतीने झाकलं आहे, आणि मागच्या रस्त्यावरून ट्रकचा आवाज थांबत नाही. तरी पलीकडे पट्टकदंब होते. मान वर करून, सगळे एकाच दिशेला तोंड केलेले. निघायचं ठरलं की असे बसतात, तुम्ही सांगायचात. मी मोजायचा प्रयत्न केला. चाळीसच्या पुढे गेले नाही. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, फक्त लक्ष लागत नव्हतं. हल्ली कशातच लागत नाही.

चहाची टपरी आहे तिथे. बाकावर एक म्हातारे गृहस्थ फेटा बाजूला काढून बसले होते. मी चहा सांगितला. ते माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "मास्तरांची पोरगी न्हवं का तू? कान मास्तरांचंच हायत." मामा जिवंत असतील असं मी धरलंच नव्हतं. टपरी त्यांच्या सुनेची. डोळ्यांनी कमी दिसतं म्हणाले, पण कान ओळखले. त्यांनी आईचं विचारलं, मी सांगितलं. मग चहा येईपर्यंत आम्ही दोघेही तलावाकडे बघत बसलो, आणि मी काही ठरवलेलं नसताना त्यांना शेंगांचं सांगितलं. फार सविस्तर नाही. दोन-तीन वाक्यांत संपलं. इतकी वर्षं मला ते फार मोठं वाटत आलं होतं.

ते म्हणाले, "म्हायती हाय की मला. टरफलं होडीच्या मागं तरंगत हुती."

मी विचारलं, मग त्या दिवशी पायरीवर बोलला का नाहीत?

"तू दारात हुतीस. एवढीशी. तोंड पांढरंफटक. म्हनलं, मास्तरच इचारतील. 'काय रं, तू हुतास की होडीत, काय झालं?' एवढं इचारतील, मग सांगू." त्यांनी चहाची बशी तोंडाला लावली. "त्यांनी इचारलंच न्हाय. एक वरीस ऊस तोडला मी, माळशिरसाकडं. त्याचं काय न्हाय. पन इतकी वरसं होडीत बसवलं मानसाला, त्यानं इचारू नये?"

त्यांच्या बोलण्यात राग होता, अण्णा. जुना, वापरून मऊ झालेला, पण होता. तो माझ्यावर नव्हता. मला तो माझ्यावर असता तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मास्तरांना कळलं का कवा? सांगितलंस का त्यांना?"

मी हो म्हणाले. म्हटलं, अण्णांच्या शेवटच्या आजारात सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. मामा, तुमच्याकडे यायचं म्हणत होते, पण उठवत नव्हतं.

मामांनी बशी बाकावर ठेवली. मग मान हलवली आणि सुनेला म्हणाले, हिच्याकडनं पैसं घिऊ नगं, मास्तरांची हाय. मी निघाले तेव्हा ते रस्त्यापर्यंत आले, काठी टेकत, आणि रिक्षात बसताना म्हणाले, "यायला पायजे हुतं मास्तरांनी. मी आलो असतो की उचलून आनाय."

तुमच्या शेवटच्या आजारात मी तुम्हाला काहीच सांगितलं नव्हतं. तुम्ही पेपर वाचून दाखवायला सांगायचात आणि मी वाचायची. एका दुपारी तुम्ही मधेच म्हणालात, पट्टकदंब गेले असतील आता. मी हो म्हणाले आणि पुढची बातमी वाचली. तेवढीच संधी होती. मी आजवर तुमच्याशी खोटं बोलले नव्हते, गप्प राहिले होते. आता तुमच्या नावावर एक अख्खं खोटं बोलून आले, आणि ते बोलताना मला जराही जड गेलं नाही. दोन रात्री त्याचाच विचार करते आहे. तुम्हाला सांगितलं, एवढा भाग तरी खरा व्हावा म्हणून हे लिहिलं. तुम्हाला वाईट वाटलं, हा भाग माझ्या हातात नाही. वाटलं असतं असं मी समजते. तुमच्याबद्दल मला इतकं तरी माहीत असायला हवं.

आईच्या कपाटात तुमची वही सापडली आहे. हे कागद घडी घालून तिच्यातच ठेवते, त्या वर्षीच्या पानापाशी. तिथे तुमच्या अक्षरात एकोणीसशे लिहिलेलं आहे. खोडून बरोबर आकडा लिहावा म्हणून आज सकाळी पेन घेऊन बसले होते. पण किती शेंगा खाल्ल्या ते मी मोजलं नव्हतं.