गेटवरचा म्हातारा, संवाद नाही

सोमवार, १२ जानेवारी

ती. बाबा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. चष्मा दुरुस्त करून सोबत पाठवलाय, आता तरी दोरा बांधून वापरू नका.

पत्रास कारण माझे विद्यार्थी. चौघांना आपल्या कालव्यावर माहितीपट करायचाय. आज त्यांनी आराखडा दाखवला. पहिलंच दृश्य, पहाटे पाण्यात पडलेलं आकाशाचं प्रतिबिंब. पाणी कधी सुटतं, मी विचारलं. “सुटतं म्हणजे?” त्यांनी मलाच विचारलं. कालवा बारा महिने वाहतो, अशी या दीडशहाण्यांची समजूत. संगीत ठरलंय, पोस्टरसुद्धा तयार. कालवा तेवढा बघायचा राहिलाय. नाही म्हणायला, गाडीतून जाताना एक फोटो काढलाय.

त्या फोटोत तुम्ही आहात. पाणी सोडायच्या गेटच्या चाकाला टेकून, खाकी स्वेटरात. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी तिथेच!

खाली लिहिलंय, ‘गेटवरचा म्हातारा, संवाद नाही.’ त्यांचा म्होरक्या म्हणाला, “मॅडम, त्यांना काय सांगता येणार? चेहरा मात्र भारी आहे.”

मी चांगलंच फैलावर घेतलं. चाक किती फेरे फिरवलं की शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं, हे त्या माणसाच्या हातांना ठाऊक आहे. तुम्हा पोरांना स्वतःच्या कॅमेऱ्याची बटणं ठाऊक नाहीत, म्हटलं. तो माणूस माझा कोण, तेवढं मात्र सांगितलं नाही.

दुसऱ्यांची अक्कल काढायला मी पटाईत. माझी स्वतःची तेव्हा कुठे गेली होती? कॉलेजच्या मैत्रिणी कालवा बघायला आल्या, तेव्हा तुम्ही चाकाला ग्रीस लावत होता. कोण गं हे, एकीनं विचारलं. मी म्हणाले, “गेटवरचे आहेत.”

तुम्ही ऐकलंत. हात पुसलेत आणि मला म्हणालात, “बाईसाहेब, जपून. काठ निसरडा आहे.”

घरी तुम्ही विषय काढला नाहीत. मीही नाही, तेवीस वर्षं. फोनवर आजही जमलं नसतं.

पाणी सुटायची तारीख कळवा. त्या दिवशी चौघांना घेऊन येते. तुम्ही बोला, हवं तेवढं. मध्ये कुणी तोंड घातलं तर मी आहे. स्वेटर तोच घाला, हात पुसू नका. आणि त्यांच्यादेखत मला घरच्याच नावानं हाक मारा, मोठ्यानं.

गेटवरच्यांची मुलगी,
चिमी