दाढी आणि चिंचा

रविवार, २१ जानेवारी १९९६, वडगाव निंबाळकर

दाढी वाढवली ती निव्वळ कंटाळ्यानं. एमआयडीसीत पहाटेची पाळी, त्याआधी गार पाण्यानं गाल खरवडायचे. ब्लेड दुसऱ्याच वेळेला बोथट, आणि बारामतीच्या सलूनवाल्यानं भाव वाढवलेला. म्हटलं, वाढू दे. यात कुणाचं काय जातंय?

आज दुपारी सासूबाई शेळगावहून आल्या, न कळवता. पिशवीत गाभुळलेल्या चिंचा. माझ्याकडं बघून पदराआड हसल्या. "तुमच्या गल्लीतलं तात्या बाजारात भेटलं. म्हनलं, जावईबापूंनी दाढी ठिवलीया. मला काय कळत न्हाय व्हय?"

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं बायकोला दिवस गेले की नवरा बाळंतपणापर्यंत दाढीला वस्तरा लावत नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, तशी वेळच आली नाही, म्हणून मला ही रीत आठवलीसुद्धा नाही. सुमनला आठवली असेल का? रोज माझं तोंड बघत होती. एका शब्दानं बोलली नाही.

तिनं चिंचा घेतल्या, आईला चहा दिला. मी खरं सांगायला गेलो तर नजरेनंच गप्प केलं.

सासूबाई संध्याकाळच्या एसटीनं गेल्या. मी लगेच पाणी तापवलं, रेझर शोधला. सुमन चिंचा निवडत बसलेली.

"आजच नगा काढू," मान वर न करता म्हणाली. "चार दिस आईला सुखानं झोपू द्या."

आणि एक चिंच तिनं तोंडात टाकली. मी पाणी मोरीत ओतून दिलं.