मांजरपाटातला कॉम्प्युटर

ठाणे,
२४ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
मंजूचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तू बोलतोस, ऐकत नाहीस. म्हणून तुझ्या लाडक्या टपालखात्याला त्रास देतेय. कल्याणला चाळीस वर्षं लोकांची पत्रं निवडण्यात घालवलीस, आता बहिणीचं एक वाच.

तू दिलेली गाडी परवा टेंभी नाक्यावर बंद पडली. घटस्थापनेचा दिवस, देवीची मिरवणूक यायची होती, दोन्ही बाजूंना माणसं आणि मधोमध मी. माइकवरून गाडीचा नंबर सांगून मावशींनी गाडी बाजूला घ्यावी अशी विनंती तीनदा झाली. मावशी किल्ली फिरवून फिरवून घायकुतीला आल्या होत्या. शेवटी ढोलपथकातल्या आठ जणांनी ढोल खाली ठेवले आणि मला ढकलत नेलं. इतकी वाजतगाजत माझी लग्नातसुद्धा वरात निघाली नव्हती.

महिन्यातली ही तिसरी वेळ. अर्धा तास उभी राहिली की मुकाट सुरू होते. सम्यकने पेट्रोलचा पंप बदलून घेतला, प्लग बदलून घेतले. आता म्हणतो, एकोणीस वर्षांची झाली, भंगारात दे. आई, तुला कुठे जायचं असेल तेव्हा मी मोबाइलवरून गाडी मागवून देईन. मुलगा चांगला आहे माझा. पण मी साठाव्या वर्षी गाडी शिकले ती कुणी मागवून द्यावी म्हणून नाही. आधी बाबांच्या सायकलवर मागे, मग ह्यांच्या स्कूटरवर मागे, शाळेची मुख्याध्यापक झाले तरी रिक्षात मागेच. पुढे बसून जेमतेम दीड वर्ष झालंय आणि ती जागा मला सोडायची नाही.

एकच विचारते. तुझ्याकडे असताना ती अशी कधी बंद पडली होती का? खरं काय ते लिही.

वहिनीला जयभीम सांग. लोभ भरपूर असावा, सल्ला मात्र मागितला तेवढाच.

तुझी,
मंजू


कोपर, डोंबिवली (प.),
२९ सप्टेंबर २०२५

चि. मंजुळा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र चार दिवसांनी मिळालं. आमच्या वेळी ठाण्याचं पत्र दुसऱ्या दिवशी दारात असे. पिनकोडातला तुझा दोन हा तीनासारखा दिसतो. मुख्याध्यापिकेला हे शोभत नाही.

प्रश्नाचं उत्तर: नाही. माझ्या हाती गाडी लोण्यासारखी चालली. गाडी मुकी असते, चालवणाऱ्याचा पाय ओळखते. मे महिन्यात तू मला दातांच्या डॉक्टरकडे नेलंस तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं की, तुझा डावा पाय क्लचवर पाहुण्यासारखा येतो आणि जावयासारखा मुक्काम करतो. त्यानेच इंजिन दमतं आणि बंद पडतं. यात गाडीचा दोष नाही.

राग मानू नकोस. मी एकाहत्तराव्या वर्षी मन भरलं म्हणून गाडी सोडली आणि तुला दिली. वेळेवर सोडण्यात शहाणपण असतं. सम्यक म्हणतो ते ऐकावंस असं मला वाटतं.

आमची लेक दर्शना शहाडहून येऊन भेटून गेली. मी तिच्याकडे जात नाही अशी तिची तक्रार आहे. तुझी वहिनी जाते; मला हल्ली प्रवासाचा कंटाळा येतो.

आशीर्वाद आहेतच, ते क्लचवर पाय न ठेवता स्वीकारावेत.

तुझा,
चांगदेवदादा


ठाणे,
५ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
सविनय जयभीम.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग चिडले आणि मग चक्क विश्वास ठेवला. याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्या दिवसापासून गाडीची किल्ली खिळ्यावरच आहे. विजयादशमीला विहारात गेले ती रिक्षाने. रिक्षात बसल्या बसल्या माझा डावा पाय काय करतो ते बघत होते. शेजारच्या बाईंनी पायाला मुंग्या आल्या का म्हणून विचारलं. शाळेत पस्तीस वर्षं मी पोरांना सांगत आले की, चूक कुणाची ते आधी तपासावं, मग कान धरावा. आणि स्वतःचा कान मात्र न तपासता धरला, कारण सांगणारा तू होतास.

तर कळवते की, मी सम्यकला हो म्हटलंय. बारा तारखेला, रविवारी, भंगारवाला येईल. त्याआधी गुरुवारी खारेगावचा दौलत एकदा गाडी बघणार आहे. तुला आठवेल, माझ्या चौथीच्या वर्गातला, अपूर्णांक म्हटले की पोटात दुखणारा. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, आता तिथल्याच जागेवर त्याचं गॅरेज आहे. तो म्हणाला की बाई, न तपासता भंगारात द्यायची म्हणजे पेपर न बघता नापास करायचं. मी त्याला तसंच नापास केलं होतं की काय, अशी शंका आली आणि मी हो म्हटलं.

मला फार रडू येतंय, दादा. वाहनासाठी रडावं असं आपल्या घरात कुणी शिकवलं नाही, तरी येतंय.

लोभ असावा. आज कमी असला तरी चालेल, मीही कमीच धाडतेय.

मंजू


ठाणे,
१० ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
जयभीम. सविनय नंतर बघू.

काल दौलतने गाडी उन्हात तासभर चालू ठेवली. ती बंद पडली तेव्हा आत कुणीच बसलेलं नव्हतं. माझे दोन्ही पाय गॅरेजच्या बाकाखाली होते, चपलांसकट. हे वाक्य दोनदा वाच.

मग त्याने मला बोलावून दाखवलं की, किल्ली फिरवल्यावर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लागायला हवा, तो लागत नाहीये. म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच झोपलाय. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. पेट्रोल किती, ठिणगी कधी, सगळं तो ठरवतो. तो झोपला की गाडी जागच्या जागी मेली. आपल्या गाडीत तो शेजारच्या सीटसमोर, डॅशबोर्डाच्या खाली असतो. दौलत पाठीवर झोपून आत शिरला. मग त्याने आतूनच विचारलं की बाई, तुमच्याकडे गाडीला पार्सल येतं का.

त्याने बाहेर काढलं ते मांजरपाटाचं गाठोडं होतं. चारी बाजूंनी टाके, जाड दोऱ्याचे, एकसारख्या अंतरावर. प्रत्येक टोकाला लाखेचं सील. तारा जिथून बाहेर येतात तिथेही लाख. आणि वर जांभळ्या पेन्सिलीने, मला अंधारातही ओळखू येईल अशा अक्षरात: नाजूक. ओलाव्यापासून जपावे. प्रेषक: चांगदेव, कोपर. प्राप्तकर्ता: इंजिन.

गॅरेजातली सगळी माणसं गोळा झाली. एकाने फोटो काढला. दौलतने टाके उसवायच्या आधी माझी परवानगी मागितली, कारण पत्ता माझ्या नावाचा नव्हता. मी इतकी हसले की मला पाणी द्यावं लागलं.

कापडाच्या आत प्लॅस्टिकच्या तीन पिशव्या निघाल्या. दादा, बाहेरचं पाणी तू आत येऊ दिलं नाहीस हे खरं. पण आतला दमट वाफाराही बाहेर जाऊ दिला नाहीस. पिना हिरव्या पडल्यात, आतली सर्किटची पट्टी काळी झालीय. इतकी वर्षं तो बिचारा स्वतःच्याच उष्णतेत उकडत होता. घरातला रिमोट तू शिवलास, रेशनकार्ड शिवलंस, लोणच्याच्या बरण्यांना सील केलंस, त्याला आम्ही कधी काही म्हटलं नाही. पण इंजिनाचा मेंदू शिवावा हे तुला सुचलं कसं?

भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवलंय. दौलतने कुर्ल्याहून तसाच जुना पण चालता ईसीएम मागवलाय. तो परक्या गाडीतून आलेला, त्यामुळे आपली किल्ली ओळखणार नाही. लॅपटॉपवाला येऊन दोघांची ओळख करून देईल, तोवर गाडी सुरूच होणार नाही म्हणे. अगदी ठरवून केलेल्या लग्नासारखं.

तू मला खोटं पाडलंस आणि मी पडले. त्याची माफी मागणारं पत्र हवंय, पोस्टकार्ड चालणार नाही. ते येईपर्यंत लोभ राखून ठेवलाय.

मंजू


कोपर, डोंबिवली (प.),
१५ ऑक्टोबर २०२५

चि. मंजूस,
आशीर्वाद.

पत्र तीन वेळा वाचलं. तुझ्या वहिनीलाही वाचून दाखवलं. ती अजून हसते आहे, भाजी करपली.

उल्हास नदीचं पाणी चढलं त्या वर्षी गाडी दर्शनाच्या दारात उभी होती. उंबऱ्यापर्यंत पाणी आलं होतं. ती कॉम्प्युटरची पेटी वाचली ती नशिबाने. पुन्हा असं होऊ नये म्हणून मी तिला शिवलं. मेलबॅगेत चाळीस वर्षांत माझं एकही पार्सल भिजलं नाही. पार्सलाला श्वास लागत नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

आता दुसरं. मी तुला खोटं लिहिलं.

गाडी माझ्या हातूनही बंद पडली होती. तीनदा. तिसऱ्या वेळी शहाडच्या पुलावर, चढावर, दर्शनाकडे जाताना. मागे ट्रकची रांग लागली. एक ट्रकवाला खाली उतरून माझ्या खिडकीशी आला. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. पण तो मायेने म्हणाला की आजोबा, आता घरी बसत जा. माझा पाय क्लचवर थरथरत होता. मला वाटलं, माझाच पाय विसरायला लागला. उद्या हात विसरतील, परवा नावं. घरी येऊन मी सांगितलं की मन भरलं, आणि गाडी तुला देऊन टाकली. पावणेदोन वर्षं मी दर्शनाकडे गेलो नाही, कारण रिक्षासुद्धा त्याच पुलावरून जाते.

तू टेंभी नाक्याचं लिहिलंस तेव्हा गाडीचा दोष असेल हे माझ्या मनात एकदा आलं होतं. पण दोष गाडीचा, तर मग मी उगाचच घरी बसलो. ते मला मानवेना. म्हणून तुझा पाय पुढे केला. आपल्या भित्रेपणाचं ओझं धाकट्या बहिणीच्या पायावर टाकलं, त्याची मला लाज वाटते. मला माफ कर, मंजू.

गाडी तुझीच आहे, परत मागत नाही.

आशीर्वाद द्यायचा हक्क आज माझ्याकडे नाही, तरी देतो.

चांगदेवदादा


ठाणे,
२० ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
मंजूचा सविनय जयभीम. सविनय परत आलंय, बघून घे.

तुझं पत्र आल्यावर सम्यकला वाचून दाखवलं. तो उठून गाडी धुवायला खाली गेला. त्याच्याकडून एवढीच कबुली मिळते.

किल्लीची आणि ईसीएमची ओळख झाली. लॅपटॉपवाला पाऊण तास बोटं चालवत होता, मग पिवळा दिवा लागला, विझला आणि गाडी सुरू झाली. दौलतच्या डोळ्यांत पाणी होतं; म्हणाला की धूळ गेली. चार दिवस मी तिला ठाणेभर फिरवलीय, भर दुपारी, चढावर, मुद्दाम सिग्नलला थांबवून. एकदाही झोपली नाही. नवी पेटी तशीच उघडी बसवलीय. सुईदोरा घेऊन गाडीच्या जवळपास दिसलास तर वहिनीला सांगेन.

येत्या रविवारी सकाळी दहाला तुझ्या दाराशी येते. दर्शनाला कळवलंय, दोघांचं जेवण तिच्याकडे. वहिनी आदल्या दिवशीच तिकडे जाणार आहे. म्हणे तुमची भांडणं रिकाम्या पोटी ऐकवत नाहीत. कल्याणपर्यंत मी चालवीन. तिथे गाडी बाजूला घेऊन मी उतरेन आणि शेजारच्या सीटवर येऊन बसेन. पुढचा शहाडचा पूल तुझा.

तुझा पाय थरथरला तर थरथरू दे. चढावर गाडी थांबली तर पुन्हा सुरू कर, घाई नाही, जेवण गरम करता येतं. आणि मागून कुणी ट्रकवाला उतरून तुझ्या खिडकीशी यायला लागला, तर तू समोर बघत राहा. त्याच्याशी मी बोलेन.

लोभ राखून ठेवला होता, तो सगळा घेऊन येतेय.

तुझी,
मंजू