शेवळांची परीक्षक

४ जून २०२५

सूनबाई दामिनीच्या मोबाइलवर नवी मालिका — खाण्यापिण्याची. दर भागात एक प्रसिद्ध पदार्थ आणि ‘असली’ कुठला त्याची चौकशी. आज बिर्याणी. तीन गावचे तीन आचारी, प्रत्येकाच्या मते बाकीचे दोघे खोटे. असली भांडणं आमच्या धसईत रोज होतात, फक्त कॅमेरा नसतो.

६ जून

आज मिसळ. निवेदक म्हणे, असली असं काही नसतंच, जो तो आपल्या घरचं असली समजतो. मी मोबाइल पालथा ठेवला. सूनबाईंनी तो सरळ केला.

९ जून

बाजारात शेवळं आली, पहिल्या पावसाची रानभाजी. बचत गटाची प्रियांका लगेच दारात. “काकी, पंधराला शेवळांच्या भाजीची स्पर्धा हाय. परीक्षक तुमीच. असली चव तुमालाच कलते.” फुशारले आणि हो म्हणून बसले.

दुसरीकडे सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहिते — दोन वर्षांपूर्वी ताप आला तेव्हापासून माझ्या जिभेला चव नाही. मीठ, मिरची, गूळ, सगळं सारखंच. हाताच्या अंदाजाने रांधते. घरचे बोटं चाटतात, म्हणजे अंदाज शाबूत आहे. आणि वर दामिनीला ऐकवते, “तू वाशिंदची गो, तुज्या हाताला आमच्या घरची चव नाय.” लाज वाटते. पण गटात कळलं तर आयुष्यभराचं नाव जाईल.

१२ जून

पोट दुखतं म्हणून सांगावं? प्रियांका काढा घेऊन येईल. नको.

१३ जून

सापडली युक्ती! काकडाच्या फळांचा रस कमी पडला की शेवळं घशाला खाजतात. खाज कळायला चव कशाला हवी? जी खाजणार नाही ती पहिली.

१५ जून

नऊ वाडगे. डोळे मिटून घास, मग नुसतं “हं”. सहा खाजरे निघाले, त्यात एक प्रियांकाच्या सासूचा. उरलेल्या तिनांतला मऊ शिजलेला उचलला आणि त्या निवेदकाच्या थाटात म्हणाले, “ही असली.” टाळ्या झाल्या. मग वाडगा सगळ्यांत फिरला. सकुबाई हळूच म्हणाली, “काकी, यात मीठच नाय.”

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

तेवढ्यात मागून दामिनी, “आमच्यात शेवलांना मीठ वरून घेतात, पानात. जुनी रीत हाय.” बायकांनी माना डोलावल्या. दोघींनी तर वहीत लिहून घेतलं. जुनी रीत कशी जन्माला येते ते डोळ्यांनी पाहिलं.

१६ जून

सकाळी तिला विचारलं, तुला कधीपासून ठाऊक? ती भांडी घासत होती, मान वर न करता म्हणाली, “आई, कदी तुमी मीठ दोनदा टाकता, कदी टाकीतच नाय. तुमी चुलीपासून उठलात की मी चाखते न नीट करते. दोन वर्सां झाली.”