झकास झालंय

मंगळवार, १७ सप्टेंबर

प्रिय ताईस,

धाकटीचा नमस्कार, दाजींनाही सांग. तुम्ही सगळे मजेत असालच. आम्हीही मजेत आहोत. हे शेवटचं वाक्य सवयीनं लिहून गेले, ते खोटं आहे, पण आता खोडलं तर कागद अजून गचाळ दिसेल. राहू दे.

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. घाईत लिहितेय. फोनच करणार होते, पण माझा नंबर दिसला की तू उचलत नाहीस. बाबा माझ्याकडे राहतात म्हणून तुझ्या लेखी मीही त्यांच्याच पार्टीतली. असू दे. पाकीट मात्र फोडशील. एवढं जाड पाकीट न फोडता ठेवशील इतका तुझा स्वभाव वर्षभरात बदललेला नसणार.

क्रमानं सांगते, नाहीतर मधलं काहीतरी गाळीन.

उन्हाळ्यात बाबांना चक्कर आली. दवाखान्यात नेलं तर प्रेशर इतकं वर, की डॉक्टरीणबाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. बरोबर गेलेल्या तुझ्या मेहुण्यांचंही हौसेनं बघितलं, तर तेही वर! म्हणजे दोष माझ्या स्वयंपाकाचा. बाई गोळ्या लिहून देत मला म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्यांना उकडलेलं घालायला लागू नका. आठ दिवसांत बंड होईल. थोडं थोडं बदला. जिभेला पत्ता लागू द्यायचा नाही."

ताई, कोणाच्या जिभेला? कारखान्याच्या कॅन्टीनमधल्या मुख्य आचाऱ्याच्या! अख्खं कॅन्टीन ज्यांना 'काटा' म्हणायचं, वजनकाट्यासारखी जीभ म्हणून. आईनं तेलाचा डबा बदलला की पहिल्याच घासाला, "हे कुठलं आणलंस?" आठवतंय ना? माझं तर धाबंच दणाणलं. पण म्हटलं, बघूच.

बाटली उचलून तेल ओतायची माझी सवय होती, ती सोडली, चमचा ठेवला. मीठ चिमटीचिमटीनं कमी करत आणलं. जिथं मीठ गेलं तिथं लिंबू आलं, मिरी आली, भाजलेला लसूण आला. तांदळात मूठभर बिनपॉलिशचा मिसळायला लागले, मग दोन मुठी. भाताचं पातेलं धाकटं केलं आणि भाजीचं थोरलं. बिस्किटं वरच्या फळीवर गेली आणि टेबलावर फळं आली, तीही चिरून. चिरलेली असली की माझी चिमणी येता-जाता उचलते, अख्ख्या सफरचंदाकडे मात्र ढुंकून बघत नाही. तुझे मेहुणे सुरुवातीला विचारायचे, "मला ॲडमिट कधी केलं?" मग गप्प झाले. परवा स्वतःच बाहेरून वेफर्स आणले, एक खाल्ला आणि म्हणाले, "केवढं खारट करतात हे लोक!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. त्यांचं प्रेशरही उतरलं.

आणि बाबा? पहिल्या दिवसापासून एकच: "झकास झालंय."

मी हवेत! काट्याला फसवलं! ही फुशारकी मारायला मला तूच हवी होतीस, दुसऱ्या कोणाला त्यातली गंमत कळली नसती.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. बाबांचं प्रेशर उतरेना. तेच पातेलं, तेच जेवण, जावयाचं उतरतं आणि सासऱ्याचं जागचं हलत नाही. डॉक्टरीणबाई गोळ्या वाढवत गेल्या आणि दर वेळी माझ्याकडे अशा बघायच्या, की मीच घरी जाऊन त्यांना लोणी चारतेय.

आता कालचं.

किटलीत क्षार धरतो म्हणून मी लिंबाचं सत्व आणते. पांढरं, बारीक दाण्यांचं. ते नव्या बरणीत भरून ठेवलं, तेही मिठाच्या शेजारी. शहाणपण माझं! काल चष्म्याच्या दुकानातून निघायला उशीर झाला, घाईघाईत बटाट्याचा रस्सा टाकला, मिठाऐवजी ते घातलं, आणि चवही बघितली नाही. हल्ली मोजून घालते ना, मग कशाला बघायची?

रोज बाबा आम्ही सगळ्यांनी सुरुवात केल्यावर घास घेतात. मी समजायचे, आचाऱ्याची रीत आहे, आधी दुसऱ्यांनी जेवावं. काल चिमणी त्यांना शाळेतली कसलीशी भानगड सांगत होती, त्या नादात त्यांनीच आधी जेवायला घेतलं. मग तुझ्या मेहुण्यांनी पहिला चमचा तोंडात घातला, डोळे घट्ट मिटले आणि बेसिनकडे पळाले. चिमणीनं ताटातच थुंकलं. मी बोट लावून चाटलं तर दात आंबले, कानशिलापर्यंत कळ गेली.

बाबांची अर्धी वाटी संपली होती.

त्यांनी मान वर केली. वाकलेल्या जावयाकडे बघितलं, चिमणीकडे बघितलं, आणि मग स्वतःचं तोंड वाकडं केलं. हुबेहूब जावयासारखं. आधी बघितलं, मग केलं. ताई, मी समोरच बसले होते.

"बाबा, तुम्हाला लागलं नाही?"

"लागलं की. जरा आंबट झालंय."

"जरा?" बेसिनपाशी तोंड धुता धुता तुझे मेहुणे ओरडले.

चिमणी म्हणाली, "आजोबा, तुम्ही बाबांची नक्कल केलीत."

तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या तापानंतर काहीच लागत नाही. चव नाही, वास नाही. पुठ्ठा चावल्यासारखं वाटतं."

ताप कुठला, ते तुला कळलं असेल. तुझ्या लेकीच्या लग्नाआधीचा. म्हणजे वर्ष होऊन गेलं, आणि वर्षभर हा माणूस आमची तोंडं वाचून जेवतोय! मी ताट वाढून द्यायचे आणि शाबासकीसाठी त्यांच्याकडे बघायचे. ते माझ्याकडे बघून 'झकास' म्हणायचे. कोण कोणाला फसवत होतं?

थांब, एवढ्यावर संपलं नाही. मी उठून त्यांच्या खोलीत गेले, का ते माहीत नाही, पांघरूण झटकायचं निमित्त केलं. उशीखाली गोळ्यांची जुनी डबी होती. उघडली, तर काठोकाठ मीठ. बाबा दारात येऊन उभे राहिले. "दुपारी चमचाभर खाऊन बघतो," म्हणाले. "आज तरी लागतंय का."

ताई, मी चिमटीचिमटीनं काढत होते आणि ते चमच्यानं घालत होते! मला रडू फुटलं, रागही आला, आणि मी लहान मुलाला ओरडावं तशी त्यांना ओरडले. ते ऐकून घेत उभे राहिले. बाबा ऐकून घेतात, हे बघूनच मी गप्प झाले.

मग एकेक आठवायला लागलं. मागे एकदा कामावरून आले तर दारातच गॅसचा भपकारा, आणि आत बाबा आणि सर्दीनं नाक चोंदलेली चिमणी पत्ते खेळत बसलेले. मी खिडक्या उघडल्या आणि बटण नीट बंद केलं नाही म्हणून तुझ्या मेहुण्यांना झाप झाप झापलं. आता ते चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. त्या दिवशी कोणी काडी ओढली असती तर?

इतका वेळ मी लग्नाच्या जेवणाला वळसा घालून चाललेय, ते तुझ्या लक्षात आलं असेलच. आता लिहिते.

मी त्यांना विचारलं, नातीच्या लग्नातली भाजी तुम्हीच केली होतीत, मग त्या दिवशी काय झालं? म्हणाले, "वाढायच्या आधी वाढप्यानं विचारलं, काका, मीठ पडलंय ना? मला आठवेना. एरवी चमचा जिभेला लावला की झालं. लावला. सगळे बघत होते, मान डोलावली. कळलं काहीच नाही. अळणी जेवण लोकांपुढे जायला नको, म्हणून घातलं." म्हणजे दुसऱ्यांदा पडलं.

तू चिडलीस ते काही चूक नव्हतं. सगळी ताटं तशीच परत आली होती, व्याही बघत होते. पण तू जे म्हणालीस, "बाबा, तुमचा काटा गेला आता, यापुढे स्वयंपाकघरात पाऊल टाकू नका," त्यावर ते जे उसळले, की तुझ्याच घरच्या कोणीतरी मुद्दाम मीठ टाकलं, आणि तिथून जे पेटलं ते आजपर्यंत. काल मी म्हटलं, त्याच दिवशी ताईला खरं का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "तिनं खोटं काही म्हटलं असतं तर हसून सोडलं असतं. ती नेमकं खरं बोलली."

आता खरी काळजी ऐक. काल रात्रीपासून बाबा जेवलेले नाहीत. सकाळचा चहा तसाच गार झाला, दुपारचं ताट तसंच. "तुम्हाला कळू नये म्हणून जेवत होतो," म्हणतात. "आता कळलं. आता कशाला?" डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, जीभ-नाक तपासून घेऊ, हळूहळू परत येईलही, नाहीही येणार, पण पोटात अन्न नसेल तर या गोळ्या चालणार नाहीत, आणि गोळ्या थांबल्या तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. मी आज दुकानातून रजा घेतली. ते भिंतीकडे तोंड करून पडलेत, आणि मी इथं टेबलावर तुला लिहितेय.

मी खूप छोटे छोटे बदल केले गं, आणि ते जमलेही, पण हे माझ्या हातचं नाही. माझं ते ऐकत नाहीत, मी धाकटी. तुझ्या बोलण्यावरून त्यांनी स्वयंपाकघर सोडलं. तूच ये. माफी कोणी मागायची ते नंतर बघू, मी दोघांच्या वतीनं मागते हवं तर. मला फार भीती वाटतेय.

चिमणीला शाळेतून आणायची वेळ झाली. आल्यावर पाकिटात घालते.

वाट बघणारी,
तुझी धाकटी

*

थोरले,

पत्र उघडं टाकून जायची धाकटीची सवय गेली नाही. वाचलं. चमचाभर मीठ म्हणजे सपाट चमचा, तिनं लिहिलंय त्यावरून लोकांना वाटेल शीग लावून.

त्या दिवशी भाजी खारट होती. तुझ्या घरच्या कोणी काही टाकलेलं नव्हतं. व्याह्यांना हे मी स्वतः सांगेन.

आता उठून थोडा भात खाल्ला. गोळी घेतली. धाकटीला आल्यावर कळेलच.

रविवारी स्वयंपाक मी करतो. हात शाबूत आहेत. गॅसपाशी धाकटी उभी राहील. मीठ मी घालणार नाही. ते तू घाल, डॉक्टरणीनं सांगितलंय त्याच्यावर दाणा नको, आणि चव बघून सांग. बिघडलं असेल तर बिघडलं म्हण, मागच्यासारखंच, मोठ्यानं. या घरात सगळे मला सांभाळून घेतात. तसं बोलणारी तूच आहेस.

तू येईपर्यंत पातेलं झाकून ठेवतो.

बाबा