आईचा अंगठा

रनाळे, ९ जानेवारी २०२५

चि. रंजितास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण, एक गंभीर तक्रार. तू लिफाफ्याला इतका डिंक फासतेस की उघडताना पहिली ओळ फाटते आणि थोरला भाऊ नमस्कारावाचून राहतो. या पातकाला शास्त्रात प्रायश्चित्त सापडलेलं नाही, शोधतो आहे.

बाकीचं पत्र शाबूत होतं. नेहमीप्रमाणे ओट्यावर बसून आईला अहिराणीत सांगितलं. वय झालं की रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचा एक इवलासा रेणू वाढतो, दुरुस्तीचे निरोप अडवतो. तुम्ही प्रयोगशाळेत त्यालाच अडवलंत की म्हाताऱ्या पेशी सावरतात. संस्कृतच्या मास्तराला भाष्य केल्याशिवाय राहवतं कुठे? म्हटलं, आपली रंजू वार्धक्य परतवते आहे.

आता ऐक. आईच्या पायाचा अंगठा काळा पडलाय. रक्त पोचत नाही. नंदुरबारचे डॉक्टर म्हणाले, आत्ता अंगठा काढला तर पाय वाचेल. आईचं म्हणणं, मन्ही पोर दवाई बनाडी ऱ्हायनी, मंग कापाना कसाले? शेजारच्या फुलवंताबाईंनीही गुडघ्यासाठी तुझ्या औषधाला नंबर लावलाय. तूच काय ते लिही.

तुझा दादा, नवल

हैदराबाद, १५ जानेवारी

ती. दादास साष्टांग नमस्कार. (मधोमध लिहिलाय, इथवर डिंक येत नाही.)

आमच्या पेशी काचेच्या बशीत आहेत, दादा. तोच मायक्रोआरएनए सगळ्या अंगात अडवला तर दुसरं काय बिघडेल, ते अजून कळलेलं नाही. आईसाठी माझ्याकडे काहीही नाही. फोनवर ती जेवलीस का विचारते आणि ठेवून देते. हे पत्र तिला वाच, भाष्य नको. रजा मिळाली की निघतेच.

तुझी रंजू

रनाळे, २१ जानेवारी

चि. रंजूस आशीर्वाद.

एकही शब्द पदरचा न घालता वाचलं. आई हसली. म्हणाली, ही लहानपणापासून अशीच. पहिला नंबर आला तरी निकाल हातात पडेपर्यंत बोलायची नाही. आता उन्हात पाय पसरून बसते आणि पायालाच समजावते, की पोर येईपर्यंत दम धर.

काळेपणा पावलावर चढलाय. डॉक्टर आता गुडघ्याखालून म्हणतात, तेही याच आठवड्यात. ती तू आल्यावर बघू म्हणते. तू येशील आणि ती आधी तुझी पिशवी बघेल.

लोभ आहे तसा राहू दे. पायाचं मी सोडून दिलंय. आई जाईल, याची मला भीती वाटते.

नवल